हेडाऊ मिस्त्रींचं बोट

छोट्या इंजिनात ठिणगी पडते की नाही हे पाहायची एक साधी रीत आहे. प्लग काढायचा, त्याला वायरची टोपी घालायची, प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवायचं आणि दोरी ओढायची. टोकाशी निळं काही चमकलं तर करंट आहे, नाही चमकलं तर नाही. कंपनीच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं आणि सुटे भाग विकणारा माणूस म्हणून मीही वीस-बावीस वर्षं काउंटरवरून हेच सांगत आलो. माझ्या दुकानाला लागून ज्यांचं टिनाचं शेड होतं ते हेडाऊ मिस्त्री मात्र करंट पाहत नसत. ते करंट खात.

म्हणजे असं, की प्लग बाजूला ठेवून ते वायरचं टोक सरळ उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला लावत, डावा हात इंजिनावर टेकवत आणि समोरच्याला म्हणत, "वढ." समोरचा भीत भीत दोरी ओढी. मिस्त्रींचा हात जरासा उडे. मग भाजीतलं मीठ चाखल्यासारखा चेहरा करून ते क्षणभर थांबत आणि निकाल देत. निकाल तीनच होते: मुंगी, माशी किंवा इच्चू. मुंगी म्हणजे करंट नावापुरता आहे, इंजिन उठायचं नाही. माशी म्हणजे थंड असताना उठेल, तापलं की दगा देईल. आणि इच्चू, म्हणजे आपला विंचू, चावला की करंट पक्का. मग बिघाड दुसरीकडे आहे, तेलाच्या बाजूला शोधा.

नागपुरात सक्करदऱ्याहून दिघोरीकडे जाताना उमरेड रोडवर आमची ओळ होती, आणि त्या ओळीत हे तीन शब्द नाण्यासारखे चालत. कुही-उमरेडकडचे शेतकरी फवारणीचे पंप पाठीवर घेऊन यायचे आणि माझ्या काउंटरवर हात टेकवून म्हणायचे, "भाऊ, इच्चूवाली कॉइल द्या." कॉइल म्हणजे जिथं करंट तयार होतो ती गुंडाळी. इच्चूवाली म्हणून वेगळी कॉइल नसते हे मी सुरुवातीला समजावून सांगायचो. पुढे सोडून दिलं. मीही देताना म्हणू लागलो, "घ्या, इच्चूवाली आहे."

मिस्त्रींचं नाव मारोतराव. ते उंच आणि किडकिडीत होते, भुवया जाड आणि बोलणं मोजकं. दिवसभर ऑइलमध्ये हात, पण संध्याकाळी त्यांचे हात पाहावेत तर कारकुनासारखे स्वच्छ. आधी रॉकेल, मग साबण, मग पुन्हा साबण. नखात काळं राहिलेलं त्यांना खपत नसे. "बोट मळलं का खोटं बोलते," असं ते म्हणत. मला तेव्हा ती नुसती ऐट वाटायची.

ऐट नव्हती ती. ते कोष्ट्यांच्या घरातले. वडील घरातच हातमागावर लुगडी विणायचे, आणि लहान मारोतीचं काम होतं तुटलेला धागा शोधायचं. ताण्यात हजारभर धागे, त्यातला एक तुटतो आणि विणीत चीर पडते. "डोळ्यानं शोधशीन तं दुपार जाते," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "हात फिरव. जिथं तुटला तिथं हातच थांबते." पुढे माग बंद पडले, भाऊ कोणी भाजीच्या धंद्यात गेला, कोणी बांधकामात. मारोतराव इतवारीच्या बाजारात एका मिस्त्रीकडे इंजिनाचं काम शिकले. धागा सुटला आणि वायर आली, एवढंच झालं असं त्यांना वाटत असावं. बोटं त्यांची तीच होती.

इंजिन समोर आलं की ते पान्याला हात लावायच्या आधी विचारत, "शेवटचा कधी चालला होता?" या एका प्रश्नावर त्यांचा अर्धा इलाज होता. काल चालला असेल तर वायर पाहा, पावसात भिजला असेल तर टोपी पाहा, चालता चालता एकदम बंद पडला असेल तर बंद करायचा स्विच कुठं चिकटला आहे का ते पाहा. लोकांना हा प्रश्न कळत नसे. कोणी पंप कोणत्या दुकानातून आणला तिथून सुरू करायचं. मिस्त्री ऐकून घेत आणि पुन्हा तेच विचारत.

सावनेरकडची एक बाई एकदा पाण्याचा लहान पंप घेऊन आली. सोबत दीर होता, पण बोलत ती होती. मिस्त्रींनी विचारलं, "शेवटचा कधी चालला होता वं बाई?"

"हे होते तवा," ती म्हणाली. मग तिलाच वाटलं की एवढ्यानं समजणार नाही, म्हणून तिनं जोडलं, "तीन वर्सं झाले."

मिस्त्रींनी पंप उघडला. आतल्या चाकाच्या चुंबकावर गंज धरला होता आणि कॉइलच्या तोंडावरही. एरवी दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी त्यांनी पॉलिश पेपरनं तासभर तो गंज काढला, फुंकर मारून, पुसून, पुन्हा घासून. मग वायर बोटाला लावून दिराला म्हणाले, "वढ." इच्चू निघाला. टाकीत थोडं पेट्रोल घातलं, इंजिन पहिल्या ओढीत उठलं, आणि मिस्त्रींनी ते बंदच केलं नाही. टाकीतलं तेल संपेपर्यंत चालू ठेवलं. ती बाई तोंडाला पदर लावून तो आवाज ऐकत उभी होती. बंद पडल्यावर म्हणाले, "चांगला आहे. दर आठ दिवसांनी एकदा चालवत जा, पाणी नसलं लागत तरी." मी काउंटरवरून पाहत होतो आणि गिऱ्हाईक काय मागतं आहे ते मला दोनदा विचारावं लागलं.

घरी मात्र त्यांच्या कसबाचं कौतुक कमी होतं. शेडच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि वत्सलाबाई राहत. मूलबाळ नव्हतं. कॉइल आणि फिरत्या चाकामध्ये जी फट ठेवावी लागते तिच्यासाठी पत्र्याचं माप मिळतं, माझ्या दुकानातही होतं. मिस्त्री पोस्टकार्ड वापरत. कार्डाची पट्टी फटीत घालायची, स्क्रू आवळायचा आणि पट्टी ओढून काढायची. ती किती अडून येते त्यावरून बोटाला फट कळते. आता पोस्टकार्डं कोण लिहितं? घरातली जुनी संपत गेली आणि एक दिवस वत्सलाबाई माझ्या काउंटरवर हातात पट्टी घेऊन आल्या. पट्टीवर निम्मी ओळ होती: 'वत्सलास आशीर्वाद, इकडील'.

"माया बापाचं पत्र आहे हे," त्या म्हणाल्या. "यायले दुसरं काही भेटलं नाही कापाले?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री इंजिनाकडे पाहत होते. "लग्नपत्रिका जाड पडते," ते सावकाश म्हणाले, "तुया बापाचं कार्ड एकदम बरोबर होते."

तव्याचंही तसंच. काही कॉइल थंड असताना ठणठणीत असतात आणि तापल्या की मरतात. रामटेकजवळच्या एका रोपवाटिकेचं गवत कापायचं यंत्र असंच वीस मिनिटं चालून बंद पडे. तीन मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलून पाहिला होता. आमच्या मिस्त्रींनी कॉइल काढली, घरात गेले आणि वत्सलाबाईंची भाकर उतरवून कॉइल तव्यावर ठेवली. फडक्यात धरून गरमच परत आणली, लावली, बोट ठेवलं. "मुंगी," म्हणाले. आतून वत्सलाबाईंनी मला हाक दिली, "अनिलभाऊ, सांगा यायले, उद्यापासून कॉइलच खा म्हणा." त्या दिवशी मिस्त्री हसले होते. ते हसले की आवाज येत नसे, खांदे हलत.

हे सगळं मी प्रेमानं लिहितो आहे, आणि आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला माझीच लाज वाटते.

धानावर फवारणीचे दिवस होते. मिस्त्री काउंटरवर आले आणि मी सकाळीच दिलेली कॉइल त्यांनी समोर ठेवली. "मुंगी आहे गा अनिल. दुसरी दे." मी दुसरी दिली. तीही मुंगी. तिसरी, तीही. एखादा डबा खराब निघतो, म्हणून मी तो अख्खा डबा परत केला आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडून माल आणला. आठ दिवसांनी मिस्त्रींनी त्यातलीही कॉइल परत आणली. मग ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, "याच्या इथून नको घेऊ, माल डुप्लिकेट येऊन राहिला." लपूनछपून नाही, माझ्या तोंडावर. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मुंगीला मुंगी म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

माझं डोकं फिरलं. दुकान माझ्या वडिलांनी उभं केलेलं, आणि अस्सल माल ही एकच गोष्ट त्यांनी मागे ठेवलेली. मी मिस्त्रींशी बोलणं बंद केलं. पंधरा दिवस बाजूबाजूला बसून आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्याच काळात लोक इतवारीतून कॉइल आणू लागले, आणि मिस्त्रींच्या बोटाला त्याही मुंगीच लागू लागल्या. नागपुरातल्या साऱ्या दुकानांतल्या साऱ्या कॉइल एकाच महिन्यात खराब कशा निघतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी इतका रागात होतो की मला तो पडलाच नाही. उलट इतवारीचाही माल त्यांनी नापास केला म्हणून मला बरं वाटलं.

मग एका सकाळी कुहीचा एक शेतकरी माझ्याकडून कॉइल घेऊन शेजारी गेला. पाच-सहा लोक आपापले पंप घेऊन बसले होते. पाच मिनिटांत मिस्त्रींचा आवाज आला, "मुंगी." मी पक्कड उचलली आणि काउंटर ओलांडून शेडमध्ये गेलो. सगळ्यांदेखत प्लगला टोपी घातली, पकडीनं धरून इंजिनाला टेकवला आणि दोरी ओढली. जाड निळी ठिणगी पडली, टक टक आवाजासकट. दिवसाउजेडीसुद्धा सगळ्यांना दिसली.

"हे काय आहे, मिस्त्री?"

"दिसून राहिलं."

"मंग मुंगी काहून म्हणता? इतके वर्सं तुमच्या बाजूले बसून राहिलो, मी तुमाले खोटा माल देईन?"

मिस्त्रींनी वायर हातात घेतली, टोक बोटाला लावलं आणि मला म्हणाले, "वढ." मी ओढली, रागात जितक्या जोरानं ओढता येते तितक्या जोरानं. त्यांचा खांदा किंचित हलला. चेहऱ्यावर काही नाही.

"मुंगीच आहे गा," ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"पाहू बरं," म्हणत कुहीच्या शेतकऱ्यानं बोट लावलं. मी पुन्हा दोरी ओढली. तो असा उडाला की चप्पल एकीकडे आणि टोपी दुसरीकडे. "इच्चू आहे बाप्पा हा तं," तो हात झटकत म्हणाला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

मिस्त्री आपल्या बोटाकडे पाहत होते. त्यांनी अंगठ्यानं बोटाचं टोक चोळलं, मग दुसऱ्या बोटाचं, मग तिसऱ्याचं. मग डाव्या हाताचं. मी जिंकून परत काउंटरवर येऊन बसलो होतो, आणि ते तिकडे एकेक बोट चोळून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ते आले. "तुया माल बरोबर होता," म्हणाले. "मायं बोट खराब झालं."

आजही वाटतं, त्या वेळी मी काउंटरमागून बाहेर यायला हवं होतं. मी म्हणालो, "महिनाभर माही बदनामी झाली, त्याचं काय?" मिस्त्रींनी मान हलवली, बरोबर आहे अशी, आणि ते गेले. शेड चार दिवस बंद होतं. मी चौकशीला गेलो नाही.

पाचव्या दिवशी वत्सलाबाई आल्या. "काल चालू इंजनच्या सायलेन्सरवर हात ठेवून बसले होते," त्या म्हणाल्या. "मले जळाल्याचा वास आला म्हणून मी बाहेर आली. यायले मालूमच नाही." बोलताना त्यांनी स्वतःचा तळहात माझ्यासमोर धरला, कुठं भाजलं ते दाखवायला. तो हात तसाच ठेवून त्या रडायला लागल्या.

शुगर होती. आठ वर्षांपासून होती आणि मिस्त्रींना ठाऊकही होती. गोळीनं चक्कर येते म्हणून ते गोळी घेत नसत, आणि चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवत. डॉक्टरांनी सांगितलं, बोटांच्या आणि पायांच्या नसा गेल्या आहेत, गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं सांभाळा. मिस्त्रींनी डॉक्टरांना एकच विचारलं म्हणे, "कॉइल बदलता येत नाही का?" डॉक्टरांना ते कळलं नाही. मला वत्सलाबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, आणि मी मान खाली घालून कितीतरी वेळ काउंटरची काच पुसत राहिलो.

माफी मागायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी त्यांना टेस्टर नेऊन दिला, प्लगच्या जागी लावायचा, आत बारीक दिवा असलेला. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. लावला, मी दोरी ओढली, दिवा लागला.

"चांगला आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "याच्यात मुंगी कोणती आन् इच्चू कोणता?"

तो दिवा दोन्हीला सारखाच लागायचा.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. वर्षभर केला. पोस्टकार्डाची पट्टी अडते की सरकते हे कळत नाही म्हणून माझ्याकडून पत्र्याचं माप घेतलं. पण तेही हातानंच ओढून पाहायचं असतं. बारीक स्क्रू हातातून पडायचे, आणि पडल्याचं त्यांना आवाजानं कळायचं. मग खाली वाकून ते फरशीवर तळहात फिरवायचे. जिथं स्क्रू होता तिथं हात थांबत नसे, त्याच्यावरून पुढे जाई. ते मला पाहवत नसे. मी काहीतरी निमित्त काढून आत जायचो.

पुढे ते स्वतःच लोकांना सांगू लागले, "पुढच्या चौकात जा, तो पाहून देते." सांगताना 'शेवटचा कधी चालला होता' हे विचारून घेत आणि काय बिघडलं असेल तेही सांगत. बहुतेक वेळा ते बरोबर निघे. त्यांचं सारं ज्ञान शाबूत होतं, फक्त ते इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. काही लोकांना वाटलं, मिस्त्रींना आता कामाचा कंटाळा आला. मी त्यांना खरं सांगितलं नाही, कारण मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं.

या उन्हाळ्यात त्यांच्या चपलेतून खिळा वर आला. दोन दिवस ते तशाच चपलेनं चालत होते. तिसऱ्या दिवशी वत्सलाबाईंना फरशीवर रक्त दिसलं. दवाखान्यात आधी पायाची बोटं काढली, मग पाऊल, मग ताप उतरेना.

मी गेलो तेव्हा दुपार होती. वत्सलाबाई मला पाहून उठल्या, म्हणाल्या, "बसा भाऊ, मी पाणी भरून आणतो." मिस्त्री उताणे पडले होते. खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं म्हणून त्यांच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला होता. नखं स्वच्छ होती, वत्सलाबाईंनीच पुसली असणार. मी स्टुलावर बसलो आणि त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.

"मिस्त्री, मी अनिल."

"आला का गा."

"चुकलं माझं, मिस्त्री. त्या दिवशी."

"काय चुकलं? माल तं बरोबर होता तुया," ते म्हणाले.

मी नुसता त्यांचा हात दाबत राहिलो, जोरानं, जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते सगळं त्यात घालून. वर पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवरचं कोणी खोकत होतं.

"अनिल," रुमालाखालून मिस्त्री म्हणाले.

"हं."

"उभा काहून आहेस तिकडे? बस ना जवळ. हात दे बरं जरा."

त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत होता. मी तो सोडला नाही. एक हात तिथंच ठेवला आणि दुसरा हळूहळू वर सरकवत नेला, मनगटावरून, कोपरावरून, थेट दंडापर्यंत, आणि तिथं धरला. तेव्हा कुठं त्यांची मान माझ्याकडे वळली.